कप लावण्याआधी : प्रस्तावना

उसण भरली. चमक निघाली. मान अवघडली. कंबर धरली. पोटरीत गोळा आला. खांद्यात ठणका लागलाय. रावेर, सावदा, चोपडा, पारोळा, कुठूनही रुग्ण आला तरी दुखणं सांगताना यांतलाच एखादा शब्द तो वापरतो. अहिराणी बोलणारी आजी 'मनी कंबर दुखस' एवढंच म्हणते आणि हात मागे नेऊन नेमकी जागा दाखवते. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात शिकलेल्या इंग्रजी संज्ञांपेक्षा हे शब्द मला अधिक काटेकोर वाटत आले आहेत. उसण श्वासासोबत किंवा वळताना एकदम भरते. अवघडणं सकाळी उठल्यावर जाणवतं. ठणका विश्रांतीतही थांबत नाही, म्हणून तिथे सूज आहे का ते पाहावं लागतं. कळ जाते ती एका जागेवरून दुसरीकडे, आणि ती पायात उतरत असेल तर आधी मणक्याचा विचार करायचा. या शब्दांकडे ज्याचे कान आहेत त्याचं निम्मं निदान रुग्ण खुर्चीवर बसायच्या आतच होतं.

कपिंग शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांचं स्वागत मी या शब्दांनी करतो, कारण या विद्येची सुरुवात कपापाशी नाही, माणसापाशी होते. आणि ही विद्या तुम्हाला परकीही नाही. 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे जांभळे गोल साऱ्या जगाने पाहिले आणि कपिंग हे काहीतरी नवं, परदेशी असल्याचा समज पसरला. तुमच्या पणजीला विचारता आलं असतं तर तिने त्याला 'तुंबडी लावणं' म्हटलं असतं. गावोगाव फिरणारे वैदू तुंबडी लावत. वाळवून पोकळ केलेला कडू भोपळा म्हणजे तुंबा, त्याचं लहान रूप तुंबडी. पुढे भोपळा गेला, शिंग आलं, धातूची वाटी आली, तरी नाव तुंबडीच राहिलं.

त्याच्याही मागे जायचं तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला तेरावा अध्याय उघडावा. तो जळवांविषयीचा आहे, पण त्यात रक्त काढण्याची तीन साधनं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत : शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे भोपळा. वाताने दूषित रक्तासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी भोपळा अशी त्यांची वाटणी आहे. शिंगातली हवा तोंडाने ओढायची, भोपळ्यात मात्र पेटता दिवा ठेवायचा. म्हणजे ओढ निर्माण करण्याच्या ज्या दोन रीती आज आपण वापरतो, शोषण आणि ज्योत, त्या दोन्ही तिथे आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात यात आणखी एका साधनाची भर पडते. ते म्हणजे घटी. पोटातला गुल्म वर उचलून विरवण्यासाठी ती सांगितली आहे. आमच्याकडे बेंबी सरकली म्हणून पोटावर दिवा ठेवून त्यावर तांब्या उपडा घालणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांनी वाग्भट वाचला नव्हता. पण ती घटी आणि हा तांब्या यांची जात एकच आहे, हे मला मोठेपणी कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

दुसरा प्रवाह युनानी वैद्यकाचा, आणि तो खानदेशात आजही वाहता आहे. जळगावात इकरा युनानी महाविद्यालय आहे, सातपुड्याच्या पायथ्याला अक्कलकुव्यातही युनानी महाविद्यालय आहे. तिथले विद्यार्थी याला हिजामा म्हणतात, आणि त्याचे दोन भाग करतात : त्वचेला चीर न देता केलेला आणि चीर देऊन केलेला. या पुस्तकात फक्त पहिला, कोरडा प्रकार आहे. चीर देणं आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही आणि ती कक्षा ओलांडण्याचं कारणही नाही. मात्र हिजामा करणाऱ्या हकिमांशी बोला, त्यांचा हात पाहा. कप कुठे ठेवावा याबद्दलची त्यांची नजर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि शिकणाऱ्याने शेजारघरी जायला लाजू नये.

आता कपाखाली नेमकं काय होतं ते पाहू.

मालिश स्नायूला दाबते, कप त्याला उचलतो. यांत्रिक दृष्टीने आपल्या हाताच्या इतर सगळ्या कामांहून हे वेगळं आहे, म्हणूनच त्याचा अभ्यास करायचा. हवेची ओढ वगैरे आपण बोलताना म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा ढकलत असते. कपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की त्वचा आणि तिच्याखालचे थर त्या पोकळीत शिरतात. आकडा मांडून पाहा. कपाचं तोंड 5 सेंटीमीटर व्यासाचं असेल तर त्याखालचं क्षेत्र साधारण 19.6 चौरस सेंटीमीटर भरतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा 200 मिलिमीटर पाऱ्याइतका कमी केला, तर त्या छोट्या वर्तुळावर पाच किलोहून थोडं अधिक बल काम करतं. पाच किलोची पिशवी पाठीला लटकावल्यासारखं ते आहे. पंपाचे दोन दट्टे जास्त मारताना हा हिशोब डोक्यात असू द्या.

त्वचा उचलली गेली की तिथल्या केशवाहिन्या फुगतात, रक्त येतं, जागा लाल होते. ओढ जास्त असेल किंवा वेळ लांबला तर त्यांतल्या काही फुटतात आणि तांबड्या पेशी बाहेर ऊतींमध्ये उतरतात. तोच तो जांभळा डाग. तो शरीरातलं विष नाही, साचलेलं घाणेरडं रक्त नाही, रोगाची खूणही नाही. डाग जितका काळा तितकं दुखणं जुनं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. रुग्णाला असं कधीही सांगू नका. हा साधा मुका मार आहे, आठ-दहा दिवसांत हिरवट-पिवळा होऊन जातो. आपल्या सावळ्या त्वचेवर तो पुस्तकातल्या चित्रांसारखा लाल दिसत नाही, काळपट दिसतो आणि काहींच्या अंगावर जास्त दिवस राहतो. हे आधी सांगून, होकार घेऊनच कप लावायचा. लग्न आठवड्यावर आलेल्या मुलीच्या मानेवर न विचारता कप लावणाऱ्याने शरीरशास्त्र शिकलं असेल, शुश्रूषा शिकलेली नाही.

याने दुखणं कमी का होतं, याची उत्तरं अनेक आहेत. त्वचेतल्या स्पर्शाच्या मज्जातंतूंना मिळालेली जोरदार चेतना मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचा निरोप मंद करते, हे एक. थरांमधली हालचाल सुटी होते, हे दुसरं. उताणं-पालथं होऊन दहा मिनिटं शांत पडणं आणि कुणीतरी आपल्या दुखऱ्या जागेकडे लक्ष देणं, हे तिसरं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं, पण त्याला कमी लेखत नाही. कारण पुरावा तिकडेच बोट दाखवतो. जर्मनीत एसेनच्या संशोधकांनी फायब्रोमायल्जियाच्या 141 रुग्णांवर केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला खरे कप लावले, दुसऱ्याला बारीक छिद्र असलेले, ज्यातून ओढ निसटून जाते असे कप. नेहमीच्या उपचारांपेक्षा खरे कप सरस ठरले. खोट्या कपांपेक्षा मात्र ठरले नाहीत. ब्राझीलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 90 रुग्णांना आठ आठवडे दर आठवड्याला एकदा खरे किंवा खोटे कोरडे कप लावण्यात आले. 2021 मध्ये आलेला त्याचा निष्कर्षही तसाच होता. मानेच्या आणि कमरेच्या दुखण्यात थोड्या काळापुरता आराम मिळतो असं सांगणारे अभ्यासही बरेच आहेत, पण त्यांतल्या अनेकांची रचना कच्ची आहे.

मग हे शिकायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि तो प्रश्न मला आवडतो. माझं उत्तर मला एका केळी कामगाराने शिकवलं.

रावेर-यावलच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती गाड्या भरभरून उत्तरेकडे जाते. पण बागेतून गाडीपर्यंत ती माणसाच्या खांद्यावरून जाते. एक घड वीस-पंचवीस किलोचा. एका खांद्यावर घड, मान दुसरीकडे झुकलेली, पायाखाली ठिबकच्या नळ्या आणि ओली जमीन, असे दिवसाला कितीतरी फेरे. त्या माणसाची मान उजवीकडे वळतच नव्हती. मी नवा होतो. ट्रॅपिझियसवर चार कप लावले, दहा मिनिटांनी काढले. मान वळली. तो हसला, मीही हसलो, आणि तो त्याच दुपारी कामावर गेला. चौथ्या दिवशी तो तशीच मान घेऊन परत आला. घड कोणत्या खांद्यावर घेतो हे मी विचारलंच नव्हतं. वळायला लागलेली मान मी वळवून घेतली नव्हती, एकही व्यायाम दिला नव्हता. कपाने माझ्यासाठी तासाभराचं दार उघडलं होतं आणि मी दाराशी उभा राहून परत फिरलो होतो.

या पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण त्या चुकीतून आलं आहे. कप वेदना थोडा वेळ बाजूला करतो. त्या थोड्या वेळात रुग्ण जी हालचाल करतो, जी ताकद लावून पाहतो, ज्या हालचालीची भीती सोडतो, तो उपचार. म्हणून इथे कपाच्या प्रत्येक विधीनंतर लगेच व्यायाम दिला आहे आणि त्यानंतर कामाची पद्धत बदलण्याचं प्रकरण आहे : घडाचा खांदा आलटून पालटून कसा घ्यावा, कापूस वेचणाऱ्या बाईने ओटी किती भरल्यावर रिकामी करावी, धुळ्यातल्या यंत्रमागावर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाने पोटऱ्यांना कशी विश्रांती द्यावी. ही प्रकरणं लिहिताना मला सर्वात जास्त वेळ लागला, आणि ती तशीच सावकाश वाचावीत अशी इच्छा आहे.

कप कधी लावायचा नाही, याबद्दल पुढे सविस्तर आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्तस्रावाचे आजार, फुगलेल्या शिरा, शिरेत गुठळी झाल्याची शंका, जखम, पुरळ, मधुमेहाने बधिर झालेली त्वचा, गरोदर बाईचं पोट आणि कंबर. ताप, घटणारं वजन आणि रात्रीचं पाठदुखणं एकत्र दिसलं तर मणक्याचा क्षय डोळ्यांसमोर आलाच पाहिजे. डाव्या खांद्यातली कळ घाम घेऊन आली तर कपाची पेटी उघडायची नाही, रुग्णाला लगेच हृदयाच्या तपासणीला पाठवायचं.

एक गोष्ट मात्र बाहेरच्या पुस्तकांत तुम्हाला ठळकपणे सापडणार नाही आणि आपल्या भागात ती विसरून चालणार नाही. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आहे. चोपडा, यावलच्या पट्ट्यातून, नंदुरबारकडून येणारा तरुण 'सगळं अंग दुखतं, हाडं दुखतात' म्हणतो तेव्हा तो मजुरीने शिणलेला असेल, किंवा त्याच्या वाकड्या झालेल्या पेशींनी बारीक वाहिन्या तुंबवलेल्या असतील. त्या वेदनेला पाणी, ऊब, औषध आणि डॉक्टर लागतो, कप नाही. तपासणी झाली आहे का, कार्ड आहे का, घरात कुणाला आहे का, हे तीन प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. 2023 पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, त्यामुळे अनेकांकडे ते कार्ड असतंही.

उन्हाळ्याबद्दलही थोडं. भुसावळ-जळगावचा पारा 45 ओलांडतो तेव्हा शेतातून थेट आलेल्या माणसाला आधी पाणी द्या, बसवा, थंड होऊ द्या. उपाशी आणि सुकलेल्या शरीराला कप लावला तर उठताना भोवळ येते. घामट पाठीवर कप धरत नाही, म्हणून ओढ वाढवायचा मोह होतो. त्याऐवजी पाठ पुसा. ज्योतीचे कप डोक्यावर पंखा फिरत असताना वापरू नका, त्याने भाजल्याच्या जखमा होतात. शिकताना पंपाचेच कप घ्या.

पहिल्या तासाला मात्र पेटी घरी ठेवून या. जोड्या करून बसू. एकाने शर्ट काढून पाठ करायची, दुसऱ्याने डोळे मिटून, बोटांच्या पेरांनी कवटीच्या तळापासून खांद्याच्या टोकापर्यंत सावकाश उतरायचं. कुठे दोर लागतो, कुठे गाठ, कुठे जोडीदाराचा श्वास अडतो, ते बोलून सांगायचं, आणि तेही मराठीत.