गाडीचा खुराक : पेट्रोलच्या काटकसरीची कहाणी

अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही गावात कुणी मोटार आणून दारात उभी केली की शेजारपाजारचे चार लोक जमतात. रंग पाहतात, दार उघडून आत बसून पाहतात, आणि मग त्यातला एखादा विचारतोच, "भाऊ, ॲव्हरेज किती देते?" गाडी किती पळते, हे नंतर, एका लिटरमध्ये किती जाते, हे आधी. शाळेत आपण ज्याला सरासरी म्हणतो तोच हा शब्द. पण गाडीच्या बाबतीत तो तिच्या कुंडलीसारखा विचारला जातो. हा प्रश्न आपल्या तोंडी कसा बसला, आणि एका चांगल्या, चपळ गाडीचे नशीब या एका आकड्याने कसे फिरवले, ती हकीकत आज सांगायची आहे. ती जुनी असली तरी आज आपल्याला उपयोगी पडणारी आहे; कारण त्या जातीच्या गाड्या आता जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि गावोगावचे तरुण त्या हौसेने घेतात.

पेट्रोलची टंचाई आपल्या लोकांनी पहिल्यांदा खरी अनुभवली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. कूपन असेल तेवढेच पेट्रोल. तेव्हा बसगाड्यांच्या मागे लोखंडी भट्टी बसवीत, तिच्यात लोणारी कोळसा पेटवीत आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवीत. चढ आला की गाडीचा दम निघे. कुठल्याही इंजिनाला खायला लागतेच, आणि ते कमी पडले की माणूस काहीही जाळायला तयार होतो, हे त्या दिवसांनी शिकवले.

स्वातंत्र्यानंतर मोटारी इथेच तयार होऊ लागल्या. वालचंद उद्योगसमूहाच्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट बाहेर पडू लागली. तिचेच रूप पुढे पद्मिनी या नावाने घरोघर ओळखीचे झाले. इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन नऊशे किलोच्या घरात. त्या काळी मोटार मिळणे हेच मोठे भाग्य. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. एवढी वाट पाहून मिळालेल्या गाडीला किती पेट्रोल लागते, हे कोण विचारणार?

विचारण्याची पाळी १९७३ साली आली. त्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. आपल्याकडेही पेट्रोल भडकले. १२ नोव्हेंबर १९७३ रोजी अटलबिहारी वाजपेयी या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले, ही गोष्ट जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे १९७८ साली तेलाच्या काटकसरीचा प्रचार करण्यासाठी पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था स्थापन झाली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने गाडी चालवा, हा उपदेश तिनेच घरोघर पोहोचविला.

मग १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. मागे वेगळी डिकी नसलेली, आखूड, मागचे दार वर उघडणारी गाडी. अशा घडणीला हॅचबॅक म्हणतात. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे. शक्ती जवळजवळ जुन्या फियाटएवढीच. पण वजन मात्र साडेसहाशे किलोच्या आसपास. सारे मर्म इथेच आहे. ओझे उतरले, म्हणून खुराक उतरला. मध्यमवर्गीय माणसाने पेट्रोल पंपावर हिशेब केला आणि तेव्हापासून "किती देते?" हा प्रश्न पहिला झाला.

आता आपल्या गोष्टीतली गाडी. २००१ साली त्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटने पॅलिओ नावाची हॅचबॅक आणली. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता. तिचे एक रूप १.२ लिटर इंजिनाचे, आणि दुसरे खास हौशी लोकांसाठी : इंजिन १,५९६ घनसेंटिमीटरचे, झडपा सोळा आणि शक्ती शंभर अश्वशक्ती. एवढ्या आखूड गाडीत एवढी ताकद ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. पत्रा जाड, रस्त्यावर पकड घट्ट, वेगात असतानाही डळमळणार नाही अशी बैठक. ज्यांनी ती चालविली ते अजून तिचे गुण गातात.

पण वजन टनाहून अधिक, आणि इंजिन मोठे. मालकांचा सर्वसाधारण अनुभव असा, की शहरात लिटरला नऊ-दहा किलोमीटर, मोकळ्या हमरस्त्यावर बारा-तेरा. शेजारची छोटी मारुती पंधरा-सतरा देत असताना हा आकडा चारचौघांत सांगायचा कसा? सुरुवातीला खपलेली गाडी "पेट्रोल पिते" या बोलण्याने मागे पडत गेली. सुटे भाग आणि दुरुस्ती यांच्या तक्रारीही होत्या. पण लोकांच्या तोंडी राहिली ती तिची तहान.

ही तहान का लागते, हे तळेगाव दशासरचा शंकरपट पाहिलेल्या माणसाला चटकन समजेल. पटाची जोडी वेगळी, औताची जोडी वेगळी. पटाच्या बैलाला काही सेकंदांच्या धावेसाठी वर्षभर खुराक द्यावा लागतो. त्याला रोजच्या वखराला जुंपले म्हणून त्याचे खाणे औताच्या बैलाएवढे होत नाही. शंभर अश्वशक्तीचे इंजिन तसेच आहे. गावातल्या गल्लीत ताशी तीसच्या वेगाने जाताना त्याची ताकद दहा-पंधरा टक्केही लागत नाही. मग इंजिनाकडे जाणारी हवेची वाट जवळजवळ बंद ठेवावी लागते. पंपाच्या नळीवर बोट दाबून पाणी ओढावे तसे ते मोठे इंजिन त्या अरुंद वाटेतून हवा ओढत राहते, आणि त्या ओढाताणीतच पेट्रोल खर्च होते. शिवाय गाडी उभी असली तरी इंजिन सुरू असेल, तर एवढे इंजिन तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल खाते. बैलही गोठ्यात उभा राहून वैरण खातोच की!

या कहाणीला एक विलक्षण वळण आहे. तहानलेली म्हणून जिला लोकांनी नाकारले, त्याच फियाटने १,२४८ घनसेंटिमीटरचे एक छोटे डिझेल इंजिन तयार केले होते. मल्टिजेट त्याचे नाव. ते पुढे पॅलिओतही आले. पण तोवर उशीर झाला होता. तेच इंजिन फियाटच्या परवान्यावर मारुतीने २००७ साली स्विफ्टमध्ये बसविले आणि ती गाडी हातोहात खपली. टाटांच्या गाड्यांतही ते आले. २०२० साली प्रदूषणाचे नवे, कडक नियम लागू होईपर्यंत ते देशभर धावत होते. म्हणजे पाहा, ज्या आकड्याने फियाटची एक गाडी बसवली, त्याच आकड्याने फियाटचे इंजिन दुसऱ्याच्या नावावर उचलून धरले.

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. पॅलिओची १.६ असो वा त्या काळची दुसरी एखादी चपळ हॅचबॅक, ती आज जुन्या बाजारात स्वस्त मिळते. पण "घेऊन त टाकली भाऊ, आता पेट्रोलच पुरत नाही" असे म्हणणारेही भेटतात. म्हणून आधी कागदावर हिशेब करावा. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणे धरा. लिटरला दहा देणाऱ्या गाडीला हजार लिटर लागतील. अठरा देणाऱ्या गाडीला साडेपाचशेच्या वर थोडे. फरक सुमारे ४४५ लिटर. शंभर रुपये लिटर हा भाव हिशेबाला धरला तरी वर्षाला साडेचव्वेचाळीस हजार रुपये झाले. घेताना वाचलेले पैसे दोन वर्षांत पंपावर जमा होतात. ज्याचे फिरणे वर्षाला दोन हजार किलोमीटरच आहे, त्याला मात्र हाच फरक नऊ हजारांच्या आत पडतो. हौसेला तेवढे मोल द्यायचे की नाही, हे त्याने ठरवावे. एकच गाडी एकाला जड आणि दुसऱ्याला परवडणारी ठरते ती अशी.

दुसरी गोष्ट, कंपनीच्या कागदावरचा आकडा. पुण्याची एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था अशा चाचण्या घेते. चाचणी बंद दालनात, फिरत्या रुळांवर होते. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवितात, कमी करतात. त्यात तो ताशी नव्वदच्या वर जात नाही. हा आकडा गाड्यांची आपसांत तुलना करायला चांगला. पण त्यात मूर्तिजापूरच्या बाजारातली गर्दी नाही, आणि पंचेचाळीस अंशांच्या वर गेलेल्या अकोल्याच्या उन्हात सतत चालणारे एसीही नाही.

म्हणून आपला आकडा आपणच काढावा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, आठ-दहा दिवस चालवा, आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. जेवढे लिटर बसले त्याने चाललेल्या किलोमीटरला भागा. शिक्षक मंडळींना यात एक सुंदर उदाहरण सापडेल. समजा, परतवाड्याकडून चिखलदऱ्याचा घाट चढताना तीस किलोमीटरला गाडीने लिटरला दहा दिले, आणि तेवढेच उतरताना तीस दिले. सरासरी किती? मुले म्हणतील वीस. पण चढायला तीन लिटर लागले आणि उतरायला एक. साठ किलोमीटरला चार लिटर, म्हणजे खरी सरासरी पंधरा. उतारावरचा आकडा सांगून गाडी विकणाऱ्याचे बोलणे ऐकताना हे गणित लक्षात असावे.

तिसरी गोष्ट रस्त्याची. अमरावती ते अकोला हा हमरस्ता कित्येक वर्षे खड्ड्यांसाठी बदनाम होता. घडीघडी ब्रेक आणि घडीघडी गिअर. ब्रेक मारला की पेट्रोल जाळून मिळविलेला वेग चाकांच्या उष्णतेत वाया जातो. मग जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अखंड काम करून १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, तर पेट्रोल वाचायला हवे. पण वाचते का? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात, तर तो दीडपटीहून जास्त होतो. खड्ड्यांनी खाल्लेले पेट्रोल आता वारा खातो! रस्त्याने दिलेली बचत ठेवायची की उधळायची, हे शेवटी पायाच्या हाती आहे.

चौथी गोष्ट जुन्या गाडीच्या प्रकृतीची. गाडी थोडी वर उचलून चाक हाताने फिरवून पाहावे. ब्रेक घासत असेल तर चाक लगेच थांबते. टायरमधली हवा थंड असताना मोजावी. धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा एक सेन्सर असतो. तो थकला की इंजिनाला जरुरीपेक्षा जास्त पेट्रोल जाऊ लागते. आणखी एक खोड आपल्या भागात फार आहे. गाडी गरम होते म्हणून काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन हवे तितके तापत नाही. ते अजून थंडच आहे असे समजून गाडीची यंत्रणा पेट्रोल जास्त सोडत राहते. उन्हाळ्यातला इलाज असा बाराही महिने खिशाला लागतो. रेडिएटर साफ करून घ्यावा आणि थर्मोस्टॅट जागेवर ठेवावा.

शेवटची गोष्ट नवी आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल ऊस, मका, तांदूळ यांपासून होते, म्हणून त्यात शेतकऱ्याचेही हित गुंतलेले आहे. पण त्याच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. साध्या पेट्रोलसाठी घडविलेल्या मोटारींचे ॲव्हरेज या मिश्रणाने सहा-सात टक्क्यांनी उतरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. म्हणजे बारा देणारी गाडी सव्वाअकराच्या आसपास येणार. तेवढी घट दिसली म्हणून लगेच मिस्त्रीला दोष देऊ नये. मात्र वीस वर्षांपूर्वीच्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि वॉशर त्या मिश्रणासाठी केलेले नसतात. ते तपासून, फुगले वा चिरले असतील तर बदलून घ्यावेत. पेट्रोल गळणे हा प्रश्न केवळ काटकसरीचा राहत नाही; तो जिवाशी येतो.

तेव्हा श्रोतेहो, जुनी चपळ गाडी घेणे हा काही गुन्हा नाही. पटाची जोडी बाळगणारा शेतकरी तिच्याकडून औताच्या जोडीच्या हिशेबाची अपेक्षा करीत नाही. तिच्या खुराकाची तजवीज आधी करतो आणि मगच पट्ट्यावर उतरतो. गाडी घेणाऱ्याने तेवढेच करावे. वर्षाचे किलोमीटर, रोजचा रस्ता आणि गाडीची प्रकृती या तिन्ही गोष्टी एका कागदावर मांडाव्यात, बयाणा त्यानंतर द्यावा. आणि मग दारात कुणी विचारले, "भाऊ, ॲव्हरेज किती देते?" तर त्याला उलट विचारावे, "कोणत्या रस्त्यावर, आणि कोणाच्या पायाखाली?"