घरातले गणित आणि पालकांचे समज

मुलाचे गणित शाळेत सुरू होते, असा बहुसंख्य पालकांचा समज असतो. वस्तुतः ‘दादाला तीन वड्या आणि मला दोनच’ अशी तक्रार करणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाने दोन समूहांची तुलना केलेली असते. पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत अंक म्हणून दाखवणाऱ्या मुलाचे कौतुक होते. ते योग्यच आहे. परंतु त्याच मुलाला ‘पाच चमचे आण’ म्हटले, तर ते पुष्कळदा मूठभर चमचे आणते. रॉशेल गेलमन व सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची जी पाच तत्त्वे मांडली, त्यांतील एक असे की, मोजताना शेवटी उच्चारलेला अंक हा संपूर्ण समूहाची संख्या सांगतो. हे उमगण्यापूर्वीची मोजणी ही एक प्रकारची बडबडच होय.

कॅनडातील जो-अॅन लेफेव्र व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पट व पत्त्यांचे खेळ, स्वयंपाक, खरेदी अशा गोष्टींत सहभागी होणाऱ्या मुलांच्या गणिती कौशल्याशी या अनुभवांचा संबंध आढळला. अमेरिकेत रॉबर्ट सिग्लर व गीता रमानी यांनी २००८ साली दाखवलेली गोष्ट तर फारच सोपी आहे. एका रेषेत एक ते दहा अंकांची घरे असलेला पट घेऊन अल्प उत्पन्न गटातील बालवाडीच्या मुलांशी सुमारे १५ मिनिटांचे चार डाव खेळले गेले. तेवढ्याने त्यांचे संख्याज्ञान सुधारले आणि नऊ आठवड्यांनंतरही ते टिकून होते. अंकांऐवजी रंगांची घरे असलेल्या पटाचा मात्र असा उपयोग झाला नाही. यातील मर्म असे की, पाचाच्या घरावरून दोन घरे पुढे जाताना मुलाने ‘एक, दोन’ न म्हणता ‘सहा, सात’ म्हणावे. आपली सापशिडी प्रत्येक ओळीला दिशा बदलते, म्हणून अगदी लहानांसाठी फरशीवर खडूने दहा घरे आखणे बरे. पाच सागरगोट्यांनी खेळताना एक वर उडवून उरलेले चार आधी एकेक, नंतर दोन-दोन, मग तीन व एक असे उचलले जातात. चारची फोड याहून चांगली कोण शिकवणार?

पालकांची स्वतःची धास्ती हा यातला नाजूक भाग आहे. एरिन मलोनी, शॉन बायलॉक, सुझन लिव्हाइन आदींनी २०१५ साली पहिली-दुसरीच्या मुलांचा अभ्यास केला. गणिताला घाबरणारे पालक वारंवार गृहपाठ घेत, तेथे मुले वर्षभरात कमी शिकली आणि त्यांच्याही मनात भीती शिरली. असे पालक गृहपाठात क्वचितच लक्ष घालत, तेथे हा परिणाम दिसला नाही. ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य म्हणूनच मुलांसमोर टाळलेले बरे.

मराठी संख्यानामांवरून २०१९ साली मोठा वाद झाला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीससाठी ‘वीस सात’ असेही वाचन सुचवण्यात आले. जुनी नावे रद्द झाली नव्हती; तरी पालकांत रोष उसळला व विधिमंडळातही पडसाद उमटले. समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर यांचे म्हणणे जोडाक्षरांचा व उलट्या क्रमाचा मुलांवरील भार हलका करण्याचे होते. ती अडचण खरीच आहे: ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि लिहायचे मात्र पाच आधी. त्यामुळे ५३ चे ३५ होतात. त्याला निष्काळजीपणा समजून रागावू नये. दुसरीकडे ‘एकोणतीस’ या शब्दात तिसाला एक उणा हा हिशेब दडला आहे, आणि सव्वा, पाऊण, दीड, अडीच हे अपूर्णांक तर रोजच्या बोलण्यात आहेत. चतकोर भाकरी मोडून देताना चार चतकोरांची एक पूर्ण भाकरी होते, हे मुलाला ताटातच दाखवता येते.

मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत रुळल्यापासून सुटे पैसे मोजण्याची संधी मात्र दुर्मीळ झाली आहे. आठवड्यातून एकदा तरी भाजीचे पैसे रोख द्यावेत आणि परत आलेली नाणी मुलाच्या हातात ठेवावीत.