गुरुमुख, लिपी आणि पडदा : उपनगरांतील गिटारशिक्षणाच्या निमित्ताने

मुंबईच्या उपनगरांत आज कित्येक विद्यार्थी दूरच्या अनुभवी शिक्षकाकडून संगणकाच्या पडद्यावर गिटारचे पाठ घेतात. ही पद्धती सर्वस्वी नवी मानली जाते. परंतु गुरू आणि शिष्य यांमधील अंतर कशाने भरून काढावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील संगीतशिक्षणास जुनाच आहे. त्याच्या पूर्वीच्या उत्तरांशेजारी हे नवे उत्तर ठेवून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पहिले उत्तर सहवासाचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी मिळविली ती वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ राहून. पुढे मिरजेस विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवांपाशी शिकले. विद्येसाठी शिष्यानेच घर सोडावयाचे, असा हा क्रम होता.

दुसरे उत्तर लिपीचे. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गंधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ साली मुंबईत त्याची शाखा काढली. तेथे वर्ग, अभ्यासक्रम व स्वरलेखन यांना स्थान मिळाले. विष्णु नारायण भातखंडे यांनी परंपरागत चिजा स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’त प्रसिद्ध केल्या. चीज आता गुरूवाचूनही प्रवास करू लागली. तथापि लिपीची मर्यादा भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे. ‘जग’ हे अक्षरद्वय दुनिया या अर्थी एका उच्चाराचे, तर ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी निराळ्या उच्चाराचे. लेखनात मात्र भेद नाही. तो ज्याने ऐकला आहे त्यालाच कळतो. गिटारच्या टॅब्लेचरचेही तसेच. सहा रेषा म्हणजे सहा तारा, आणि अंक म्हणजे दांडीवरील पडदा. बोट कोठे ठेवावे हे त्यावरून समजते. ते किती दाबावे, हे समजत नाही.

तिसरे उत्तर संगणकाचे. मुलुंड व घाटकोपर मध्य रेल्वेवर, अंधेरी व बोरिवली पश्चिम रेल्वेवर. घाटकोपर-अंधेरी मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तरी मुलुंडहून बोरिवलीस लोकलने जाणाऱ्यास दादरला गाडी बदलणे आलेच. मार्च २०२० मध्ये लोकलची प्रवासी वाहतूक थांबली, तेव्हा घरबसल्या पाठ घेणे ही सोय न राहता गरज झाली.

या पाठात ध्वनी किंचित विलंबाने पोचतो. विलंब सेकंदाचा दशांश धरला, तरी तो गुरू सुमारे ३४ मीटर दूर बसल्यासारखा आहे. त्यामुळे दोघांना एकत्र वाजविता येत नाही. गुरूने वाजवावे, शिष्याने ऐकावे, मग तेच वाजवून दाखवावे, असा क्रम आपोआप पडतो. तालमीची जुनी रीतही मूलतः हीच होती. लिपीने शिक्षण डोळ्यांकडे नेले होते. पडद्याच्या या उणिवेने ते पुन्हा कानांकडे वळविले.

गमावले ते साथीचे शिक्षण. गुरूच्या मागे बसून तंबोऱ्यावर साथ करताना शिष्य जे नकळत उचलीत असे, त्याची भरपाई येथे नाही. तथापि ध्वनिमुद्रित पाठ आणि प्रत्यक्ष चालणारा पाठ यांत अंतर केले पाहिजे. ध्वनिमुद्रित पाठ कितीही वेळा वाजविता येतो, परंतु तो शिष्याचे ऐकत नाही. मनगट आखडले आहे, तार दबून बोलते आहे, हे ओळखून शिष्याला तेथेच थांबविणारा जाणता कान हा तालमीचा प्राण आहे. दूरस्थ शिक्षणाची परीक्षा याच कसोटीवर व्हावी.