कच्चे बिल आणि नुकसानभरपाई

सूर्या नदीकाठचे मासवण पालघर–मनोर रस्त्यावर वसले आहे. हा रस्ता मनोरजवळ मुंबई–अहमदाबाद महामार्गाला मिळतो, तर पालघरच्या उत्तरेस बोईसर–तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. अशा वाहत्या पट्ट्यातील मिस्त्री आणि गाडीमालक यांच्यातील तंट्यांना कायद्याची चौकट नव्हती असे नाही. ती होती, पण मालकाच्या फारशी उपयोगाची नव्हती.

दुरुस्तीसाठी गाडी सोपवणे म्हणजे कायद्याच्या भाषेत निक्षेप, अर्थात काम झाल्यावर परत मिळण्याच्या बोलीवर वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे. १८७२च्या भारतीय करार अधिनियमाने असा ताबा घेणाऱ्यावर सामान्य शहाण्या माणसाइतकी काळजी घेण्याचे बंधन घातले (कलम १५१) आणि करारभंगाची भरपाईही मान्य केली (कलम ७३), परंतु मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्कही त्याला दिला (कलम १७०). हा हक्क कराराच्या हेतूप्रमाणे काम झाले असेल तरच लागू होतो, हे खरे. तरी ते तसे झाले की नाही हे ठरेपर्यंत गाडी मिस्त्रीच्याच दारात उभी राही आणि मालकापुढे उरे तो दिवाणी दावा.

सस्पेन्शनच्या, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलून चाक रस्त्याला धरून ठेवणाऱ्या रचनेच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते. पाट्यांच्या स्प्रिंगचे पान तुटले तर ते डोळ्यांना दिसते. १९८३ साली आलेल्या मारुती ८००सारख्या गाड्यांत मात्र पुढच्या चाकाची स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच जुळणीत आले, आणि ती जुळणी चुकली की गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एकाच कडेने झिजतो. हे गॅरेजच्या दारात नव्हे, पुढे रस्त्यावर उघड होते, आणि तोवर दोष खड्ड्याचा की मिस्त्रीचा हा वाद उभा राहिलेला असतो.

१९८६च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने सदोष कामाला ‘सेवेतील त्रुटी’ हे नाव दिले आणि दिवाणी न्यायालयाबाहेर जिल्हा मंच उभा केला. या कायद्यामागे १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी स्थापलेल्या ग्राहक पंचायतीसारख्या चळवळींचा रेटा होता. मात्र विनामूल्य सेवा या कायद्याबाहेर राहिली, म्हणजे पैसे दिल्याचे सिद्ध करणे आले. चिठ्ठीवर आकडा लिहून दिलेल्या कच्च्या बिलावर लढणारा तक्रारदार येथेच लंगडा पडतो. पुढे २००२च्या दुरुस्तीने व्यापारी हेतूने घेतलेली सेवाही वगळली, परंतु स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सवलत ठेवली. त्यामुळे स्वतःचा एकुलता टेम्पो चालवणारा मासवणचा चालक ग्राहक ठरू शकतो, तर कारखान्यांसाठी ट्रकांचा ताफा पळवणाऱ्या वाहतूकदाराला बहुधा दिवाणी न्यायालयच गाठावे लागते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत जिल्ह्याचे ठिकाण ठाणे होते, आणि किरकोळ दुरुस्तीच्या रकमेसाठी तेथवर वारंवार जाणे कुणालाही परवडणारे नव्हते. २०१९च्या नव्या कायद्याने, जो जुलै २०२०मध्ये लागू झाला, तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात, म्हणजे पूर्वीच्या जिल्हा मंचात, जाण्याची मुभा दिली. तक्रारीची दोन वर्षांची मुदत आणि त्रुटी सिद्ध करण्याचा भार मात्र तक्रारदारावर कायम राहिला.