बार्शीच्या बायांनी जगाला काय शिकवलं



इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत पुढं गेलं की बार्शी लागते. तिथं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कसा रोखायचा, याबद्दल आज जगभरचे डॉक्टर जे सांगतात, त्यातलं बरंच काही या रुग्णालयाच्या आसपासच्या खेड्यांत तपासून पाहिलेलं आहे. आज त्याची गोष्ट.

सुरुवात झाली १९८७ साली. कॅन्सरची नोंद तोवर मोठ्या शहरांतच व्हायची. खेड्यातली बाई घरातच झिजून जायची, कागदावर आजाराचं नाव येईलच असं नव्हतं. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी त्या वर्षी नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची देशातली ही पहिलीच. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. म्हणून कार्यकर्तेच गावोगाव फिरले. कुणाच्या अंगावरून फार जातंय का, कुणाला गाठ आहे का, असं विचारत गेले, समजावत गेले, दवाखान्यात घेऊन आले. बायकांमध्ये सगळ्यात जास्त कॅन्सर निघाला तो पिशवीच्या तोंडाचाच. पण काही वर्षांत एक फरक दिसला. आधी बाया आजार हाताबाहेर गेल्यावर यायच्या, आता त्या लवकर येऊ लागल्या. यंत्र नवं नव्हतं, औषध नवं नव्हतं. नुसत्या बोलण्यानं, सांगण्यानं हे झालं होतं.

तिकडे जर्मनीत हाराल्ड झुर हाउझेन या शास्त्रज्ञानं १९८३-८४ मध्ये या कॅन्सरचं मूळ शोधलं. ते म्हणजे एचपीव्ही नावाचा विषाणू. त्याचे शंभरावर प्रकार आहेत. काहींनी नुसते चामखीळ येतात. पण १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार वाईट. पिशवीच्या तोंडाच्या दहा कॅन्सरमागे सुमारे सात वेळा हेच दोघे असतात. या शोधाला २००८ साली नोबेल मिळालं.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. हे ऐकलं की बाया गप्प होतात, म्हणून स्पष्ट सांगते. एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींत मुक्काम करतो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. हीच मधली वर्षं आपल्या हातात असतात.

ती वापरायची कशी, हे बार्शीच्या रुग्णालयानं, मुंबईच्या टाटा रुग्णालयानं आणि फ्रान्समधल्या कॅन्सर संशोधन संस्थेनं मिळून पाहिलं. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे ते चार भागांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या एकूण १,३१,७४६ बाया त्यात होत्या. पहिल्या भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात फक्त माहिती दिली, तपासणी नाही. बोलावलेल्या दहा बायांपैकी जवळजवळ आठ तपासणीला आल्या. ज्या काळात हा विषय घरातही निघत नव्हता, त्या काळात आल्या.

आठ वर्षांनी हिशेब झाला. विषाणूची तपासणी केलेल्या भागात या कॅन्सरनं ३४ बाया गेल्या, तपासणी न झालेल्या भागात ६४. दोन्ही भाग साधारण सारखेच मोठे होते, आणि तपासणी झाली होती आयुष्यात फक्त एकदा. २००९ साली हे जगापुढं आलं. आज जागतिक आरोग्य संघटना विषाणूची तपासणी पहिली धरते, त्यामागं या गावांचा मोठा आधार आहे.

तपासणी न करता काहींना तसंच ठेवणं योग्य होतं का, असा प्रश्न पुढं विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. त्या ६४ जणींची नावं कुठं छापलेली नाहीत. पण आपल्याला जे कळलं, त्यात त्यांचाही वाटा आहे.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानं दुसरा प्रयोग केला. दहावी शिकलेल्या बायांना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी ॲसिडची तपासणी करवली. तिथं मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे साधी तपासणीही वारंवार केली तर जीव वाचवते, आणि ती करायला मोठा डॉक्टरच लागतो असं नाही.

लशीची गोष्टही बार्शी-पुण्याला शिवून जाते. २००९ मध्ये देशात काही ठिकाणी मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायचं काम सुरू झालं. बार्शी आणि पुणे त्यात होते. २०१० मध्ये सरकारनं ते थांबवलं, आणि हजारो मुलींचा एकच डोस झालेला राहिला. त्यांच्यावर पुढं दहा वर्षं लक्ष ठेवलं, तर एका डोसानंही १६ आणि १८ पासून चांगलं रक्षण दिसलं. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं आपली लस काढली आहे, तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

आपल्या भागातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला येणाऱ्या बायांना एक जास्त सांगायचंय. पांढरं जातंय, कॅन्सर होईल, असं सांगून पिशवी काढल्याच्या तक्रारी बीडमधून आल्या, २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. विषाणू सापडला तरी तो कॅन्सर नव्हे. आधी तपासणी, मग निर्णय.

तर बायांनो, तिशी ओलांडली असेल तर पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढा आणि आशाताईंना तपासणीचं विचारा. पाळी बंद झाल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर थांबू नका. नऊ ते चौदा वर्षांच्या लेकींच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. लस घेतली तरी पुढं मोठेपणी तपासणी लागतेच.

बार्शीकडच्या बाया लाज बाजूला ठेवून आल्या, म्हणून हे कळलं. आता आपली पाळी.