कॅल्शियम आणि कॅन्सर: पेशीतील संदेश, रक्तातील पातळी आणि ताटातील दूध

घरात कुणाला कॅन्सरचे निदान झाले की खाण्यापिण्याबद्दल सल्ले देणारे खूप भेटतात. त्यात कॅल्शियमचा विषय हमखास निघतो. "दूध बंद करायचे का?", "हाडे दुखतात, कॅल्शियमची गोळी सुरू करू का?", "मोबाइलवर वाचले की कॅल्शियममुळे कॅन्सरच्या पेशी पसरतात, ते खरे का?" सिल्लोड परिसरातील बहुतेक रुग्ण उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये जातात. दोन तारखांच्या मधल्या दिवसांत हे प्रश्न गावातल्या डॉक्टरांकडे येतात. या लेखात त्यांची उत्तरे क्रमाने दिली आहेत.

थोडक्यात

• पेशीच्या आत कॅल्शियम निरोप्याचे काम करते. कॅन्सरच्या पेशी या निरोपांचा गैरवापर करतात, हे खरे आहे.
• पण हे पेशीच्या आतले कॅल्शियम तुम्ही किती दूध पिता यावर ठरत नाही.
• कॅन्सरच्या काही रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम धोकादायक पातळीवर वाढते. त्याची लक्षणे "केमोचा अशक्तपणा" समजून दुर्लक्षिली जातात. हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे.
• कॅल्शियम किंवा डी जीवनसत्त्व स्वतःच्या मनाने सुरू करू नये आणि डॉक्टरांनी दिलेले असेल तर मनाने बंदही करू नये.

शरीरातील कॅल्शियम: साठा आणि निरोप

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. उरलेले थोडेसे रक्तात आणि पेशींत असते. पण हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल आणि मज्जातंतूंचे काम या थोड्याशा भागावर चालते.

ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती १८८० च्या दशकात, लंडनमध्ये. सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करत होते. द्रावण नळाच्या पाण्यात केले की हृदय धडधडत राही. शुद्ध केलेल्या पाण्यात केले की थोड्या वेळात थांबे. फरक होता नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा. दवाखान्यात लावली जाणारी 'रिंगर लॅक्टेट' म्हणजे आर.एल. सलाईन त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि तिच्यात आजही कॅल्शियम असते.

पेशीच्या बाहेर, रक्तात व द्रवात जेवढे मुक्त कॅल्शियम असते, त्याच्या सुमारे दहा हजारपट कमी ते पेशीच्या आत असते. धरण आणि पाटाचे उदाहरण घ्या. धरणात पाणी भरलेले, पाट जवळजवळ कोरडा. दरवाजा क्षणभर उघडला तरी पाटात लगेच पाणी येते. पेशीच्या आवरणावर असे दरवाजे असतात. त्यांना कॅल्शियम चॅनेल म्हणतात. पेशीच्या आतही कॅल्शियमचे छोटे साठे असतात. दरवाजा उघडला की आतले कॅल्शियम क्षणात वाढते आणि पेशीला निरोप मिळतो: आकुंचन पाव, विभागणी कर, जागा सोडून सरक किंवा स्वतःला संपव. काम झाले की पंप ते कॅल्शियम पुन्हा बाहेर फेकतात. निरोप कोणता, हे कॅल्शियम किती वेळ, किती प्रमाणात आणि पेशीच्या कोणत्या भागात वाढले यावर ठरते.

कॅन्सरच्या पेशी काय करतात?

कॅन्सरची पेशी नवी यंत्रणा तयार करत नाही. असलेली यंत्रणाच ती आपल्या सोयीने वापरते. मुख्यतः तीन बाबतींत.

वाढ: विभागणीचा निरोप देणारे दरवाजे काही ट्यूमरमध्ये जास्त संख्येने आढळतात. त्यामुळे थांबण्याची वेळ आली तरी पेशी विभागत राहते.

पसरणे: पेशीला सरकायचे असेल तर पुढचा भाग चिकटवावा लागतो आणि मागचा सोडावा लागतो. ही चिकटणे-सुटणे कॅल्शियमच्या निरोपांवर चालते. आतला साठा कमी झाला की बाहेरून कॅल्शियम आत घेणारी 'स्टिम' व 'ओराय' या प्रथिनांची जोडी असते. ही जोडी बंद केल्यावर स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींचे पसरणे कमी झाल्याचे प्रयोगशाळेत व उंदरांत दिसले आहे.

मरण टाळणे: बिघडलेल्या पेशीत कॅल्शियमचा मोठा लोंढा तिच्या ऊर्जाकेंद्रांत शिरतो आणि ती स्वतःला संपवते. कॅन्सरच्या अनेक पेशी हा लोंढा अडवून धरतात. केमोथेरपीची बरीच औषधे पेशीला याच स्वयंमरणाकडे ढकलतात. म्हणून हा मार्ग अडला की औषधाचा परिणामही कमी होऊ शकतो.

मग हे दरवाजे बंद करणारे औषध का देत नाहीत?

हेच दरवाजे हृदयात, मेंदूत आणि रोगप्रतिकारक पेशींतही असतात. ते सरसकट बंद केले तर रुग्णालाच त्रास होतो. व्हेरापामिल हे हृदयविकारात वापरले जाणारे, कॅल्शियम चॅनेल रोखणारे औषध केमोसोबत देऊन पाहिले गेले. केमोचे औषध पेशीबाहेर फेकणारा पंपही ते अडवते, असे १९८० च्या दशकात आढळले होते. पण त्यासाठी लागणारा डोस हृदयाला झेपणारा नव्हता. त्यामुळे नेहमीच्या उपचारात ते आले नाही.

पेशींच्या दरवाज्यांचा विचार करून झालेले एक महत्त्वाचे काम आपल्याकडचेच आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत स्तनाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कॅन्सर असलेल्या सुमारे १,६०० स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांना गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले. दात काढताना बधिरतेसाठी देतात तेच. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी आजार न उलटता असलेल्या स्त्रिया इंजेक्शनच्या गटात ८६.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ८२.६ टक्के होत्या. हयात असलेल्यांचे प्रमाण ९०.१ आणि ८६.४ टक्के होते.

लिग्नोकेन मुख्यतः सोडियमचे दरवाजे बंद करते, कॅल्शियमचे नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी निसटून पसरू नयेत म्हणून हे दरवाजे त्या काळापुरते बंद ठेवावेत, अशी त्यामागची कल्पना. फायदा नेमका याच कारणाने झाला, हे या अभ्यासाने सिद्ध झालेले नाही. हे इंजेक्शन शस्त्रक्रियेऐवजी नाही, शस्त्रक्रियेसोबत आहे. स्तनाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर आपल्या सर्जनना याबद्दल जरूर विचारा.

बीपीच्या गोळ्या: ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी कॅल्शियम चॅनेल रोखणारीच आहे. अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने स्तनाचा कॅन्सर वाढतो का, अशी शंका २०१३ मधील एका अमेरिकी अभ्यासाने उपस्थित केली होती. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसा ठोस संबंध दिसला नाही. या भीतीने बीपीची गोळी बंद करू नका. बंद केल्यास पक्षाघाताचा धोका खरा आहे.

दूध, नाचणी, तीळ: बंद करायचे का?

नाही. तुम्ही ग्लासभर दूध प्यायले म्हणून पेशीच्या आतले कॅल्शियम वाढत नाही. रक्तातील पातळी गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी, मूत्रपिंडे आणि डी जीवनसत्त्व मिळून ठरावीक मर्यादेत ठेवतात. त्याच्या पुढे प्रत्येक पेशीचे स्वतःचे दरवाजे आणि पंप आहेत.

उलट पुरेसे कॅल्शियम व दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे प्रमाण कमी दिसते. प्रोस्टेटच्या कॅन्सरबाबत फार जास्त दुधाविषयी थोडी शंका आहे, पण पुरावा मर्यादित आहे. भारतीय प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस दिवसाला १,००० मिलिग्रॅम आहे. दूध, दही, ताक, नाचणी, तीळ आणि पालेभाज्यांतून ते मिळवता येते. उपचाराच्या काळात वजन घटते, तेव्हा दुधातील प्रथिनेही लागतात.

रक्तातील कॅल्शियम वाढणे: इथे वेळ घालवू नका

कॅन्सरमध्ये कॅल्शियमचा सर्वांत तातडीचा प्रश्न हा आहे. काही ट्यूमर पॅराथायरॉइडच्या हार्मोनसारखे प्रथिन रक्तात सोडतात आणि हाडांतले कॅल्शियम बाहेर येऊ लागते. काहींमध्ये आजार हाडांत पसरून हाड झिजते. फुफ्फुस, स्तन, तोंड व घसा, मूत्रपिंड यांचे कॅन्सर आणि मल्टिपल मायलोमा यांत हे जास्त आढळते. कॅल्शियम आहारातून नव्हे, हाडांतून येत असते. म्हणून दूध बंद करून ही पातळी खाली येत नाही.

लक्षणे:
• खूप तहान, वारंवार लघवी
• भूक मरणे, मळमळ, उलटी, घट्ट बद्धकोष्ठता
• पूर्वीपेक्षा वाढलेला थकवा, सतत झोप
• बोलण्यात गोंधळ, माणसे न ओळखणे

यांतील बरीच लक्षणे केमोनंतरही दिसतात, म्हणून घरचे थांबतात. पण तहान, बद्धकोष्ठता आणि सुस्ती एकत्र आली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर त्याच दिवशी रक्त तपासा. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की पातळी आणखी वाढते. उपचार आहेत: नॉर्मल सलाईन, झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबसारखी इंजेक्शने आणि मूळ कॅन्सरचा उपचार. आर.एल.मध्ये कॅल्शियम असल्याने इथे ती टाळतात. म्हणून "अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा" एवढेच न सांगता कॅन्सरची फाइल डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्ट वाचताना

एकूण कॅल्शियमची नेहमीची मर्यादा साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पण रक्तातले बरेचसे कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. रुग्ण खंगला, अल्ब्युमिन उतरले, की आकडा फसवा ठरतो. अल्ब्युमिन ४ च्या खाली जितके उतरेल, त्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवतात. उदाहरणार्थ, कॅल्शियम १०.४ आणि अल्ब्युमिन २ असेल तर १०.४ अधिक १.६, म्हणजे खरा आकडा १२. रिपोर्टवर 'नॉर्मल', प्रत्यक्षात वाढलेला. म्हणून कॅल्शियमसोबत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

हाडांची इंजेक्शने आणि कॅल्शियमच्या गोळ्या

आजार हाडांत गेला असेल तर हाडे मोडू नयेत म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब देतात. यांनी रक्तातील कॅल्शियम खूप खाली जाऊ शकते. त्यामुळे पातळी वाढलेली नसेल तर सोबत कॅल्शियम व डी जीवनसत्त्व दिले जाते. ओठांभोवती मुंग्या, बोटे आखडणे, पेटके ही पातळी उतरल्याची खूण आहे. ही इंजेक्शने सुरू होण्याआधी दात तपासून घ्या. नंतर दात काढल्यास जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो. गुटखा-तंबाखूने हिरड्या खराब झालेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

म्हणजेच एकाच वॉर्डात एका रुग्णाला कॅल्शियमची गोळी लागते, तर दुसऱ्याला ती घातक ठरते. शेजारच्या रुग्णाचे पाहून गोळी घेऊ नका.

पुढच्या तपासणीला जाताना

१. घेत असलेल्या सर्व गोळ्या, डी जीवनसत्त्वाची पुडी, आयुर्वेदिक भस्मे, टॉनिक सोबत न्या.
२. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारे थायझाइड आहे का, विचारा. त्याने कॅल्शियम वाढू शकते.
३. तहान, लघवी, शौच, झोप यांतील बदल तारखेसह लिहून ठेवा.
४. "माझे कॅल्शियम शेवटचे कधी तपासले आणि अल्ब्युमिन धरून ते किती येते?" हा प्रश्न विचारा.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. औषधांचा निर्णय तुमची फाइल पाहणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.