नवा कंठ, जुनीं गाणीं

हार्ड रॉक नांवाच्या दणदणीत पाश्चात्त्य संगीताची एक सुरेल शाखा आहे. विजेच्या गिटारांचा गडगडाट तिच्यांतही असतोच. परंतु त्या गडगडाटावर तरंगणारी, घरीं गेल्यावरही गुणगुणतां येईल अशी चाल आणि ती पेलणारा उंच पट्टींतला कंठ तिला लागतो. म्हणून अशा ताफ्यांतला गायक गेला कीं मागें राहतात तीं नुसतीं वाद्यें. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या 'जर्नी' ताफ्यावर हा प्रसंग वारंवार आला.

सँटानाच्या ताफ्यांतून बाहेर पडलेल्या नील शॉन व ग्रेग रोली यांनीं १९७३ सालीं हा ताफा उभारला. आरंभींच्या तीन संचांचा खप बेताचाच होता. १९७७ सालीं स्टीव्ह पेरी आला आणि दैव फिरलें; १९८१ चा 'एस्केप' अमेरिकेंत खपाच्या यादींत पहिला आला. १९८७ मध्यें मंडळी पांगली. १९९६ सालीं पुन्हां जमून त्यांनीं 'ट्रायल बाय फायर' काढला. परंतु पेरीचा खुबा दुखावला, शस्त्रक्रियेचा निर्णय होईना, आणि सोबत्यांना धीर निघेना. १९९८ मध्यें दुसरा गायक आला. २००६ मध्यें त्याचा गळा दुखावला. त्याच्या मागून आलेल्याला वर्षभरांतच निरोप मिळाला.

आतां योगायोग पहा. १० जून २००७ रोजीं 'द सोप्रानोज' ही गाजलेली दूरचित्रवाणी मालिका संपली, ती जर्नीच्या १९८१ मधील एका गाण्यावर. जुनें गाणें घरोघर पुन्हां ऐकूं येऊं लागलें, आणि ताफ्याला गायकच नव्हता! त्याच महिन्यांत यूट्यूब धुंडाळतांना शॉनला मनिला शहरांतील एका ताफ्याचा गायक सांपडला. तो जर्नीचींच गाणीं गात होता.

हा आर्नेल पिनेडा. तेराव्या वर्षीं त्याची आई वारली. तिच्या आजारपणांत घर कर्जांत बुडालें होतें. मुलगा रस्त्यावर आला, उद्यानांत निजला, रद्दी व बाटल्या वेंचून पोट भरूं लागला. पुढें मनिला व हाँगकाँग येथील क्लबांत तो वर्षानुवर्षें गायला. दुसऱ्यांचीं गाणीं हुबेहूब गाणें हीच त्याची भाकरी होती. नकलाकार म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं ही तालीम किती कडक असते याचा विचार करावा. परदेशी माणूस कशाला, असा सूर कांहीं जुन्या चाहत्यांनीं लावला, तो तर संगीताबद्दल नव्हताच.

जून २००८ मध्यें 'रेव्हेलेशन' निघाला. एका तबकडींत बहुतेक नवीं अशीं अकरा गाणीं, दुसरींत नव्या कंठानें पुन्हां गायलेलीं अकरा जुनीं, आणि जोडीला एका मैफलीचें चित्रण. अमेरिकेंत तो केवळ वॉलमार्टच्या दुकानांतून विकला गेला. तबकड्यांचा धंदा ओसरत असतां 'ईगल्स' या ताफ्यानें २००७ मध्यें हीच वाट चोखाळली होती. पहिल्या आठवड्यांत लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि संच पांचव्या क्रमांकावर गेला. जुनीं गाणीं पुन्हां गाऊन घेणें हें धाडस कीं व्यापार? मला तें दोन्ही वाटतें. मात्र त्यांत परीक्षा झाली ती एकट्या पिनेडाची. ऐकणाऱ्याच्या कानांत मूळ आवाज आधींच बसलेला होता.

२०१७ सालीं रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनें जर्नीचा सन्मान केला. पेरी व्यासपीठावर आला. त्यानें पिनेडाचे आभार मानले, पण तो गायला नाहीं. गायला पिनेडा. सन्मानितांच्या यादींत त्याचें नांव नव्हतें.